वर्षभर विस्कळीत झालेल्या काळात अभियांत्रिकी विभागाने स्वतःला कसे सावरावे?

आपण विचारले आहे की, एखाद्या विद्यापीठातील अभियांत्रिकी विभागाचे संपूर्ण वर्ष विस्कळीत झाले, तर केवळ ऑनलाइन वर्ग सुरू करून भागते का, आणि भागत नसेल तर विभागाने नेमके काय बदलायचे असते. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. 11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हणून जाहीर केले, त्यानंतरच्या वर्षात आमच्या विभागाचे प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक ठरवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे उत्तर त्या अंगानेच देतो.

व्याख्याने हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. फळ्यावरचे समीकरण पडद्यावर नेण्यासाठी शिक्षकाला थोडा सराव लागतो, इतकेच. ज्यांच्याकडे इंटरनेट तुटपुंजे आहे त्यांच्यासाठी नुसता आवाज आणि सोबत टिपणांची पीडीएफ दिली, तरी बराचसा विषय पोहोचतो. खरी कसोटी लागते ती प्रयोगशाळा आणि वर्कशॉप यांची. तेथे प्रत्येक प्रात्यक्षिकाबद्दल एक प्रश्न निर्दयपणे विचारावा लागतो: हे आपण विद्यार्थ्याला कशासाठी करायला लावतो? वर्षानुवर्षे चालत आलेल्या यादीतील कित्येक प्रात्यक्षिकांना या प्रश्नाचे धड उत्तर नसते. काही केवळ सूत्राची पडताळणी करतात, काही उपकरण हाताळायला शिकवतात, आणि मोजमापातील चूक ओळखायला शिकवणारी तर फारच थोडी असतात. हे वर्गीकरण झाल्याशिवाय कोणते प्रात्यक्षिक घरी करता येईल, कोणते ध्वनिचित्रफितीवर भागेल आणि कोणत्यासाठी प्रयोगशाळा उघडण्याची वाटच पाहावी लागेल, हे ठरवता येत नाही.

घरी करता येणाऱ्या प्रात्यक्षिकाचे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण अशा वर्षात ‘घरी काय होणार’ हा आक्षेप सतत ऐकू येतो. पोलादी मोजपट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून एका हाताने घट्ट दाबून धरायची, मोकळे टोक टिचकीने हलवायचे आणि फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने टिपायचे. 1 मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा 25 सेंटिमीटर भाग बाहेर असेल, तर सिद्धांताप्रमाणे तिची पहिली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे मोकळी सोडल्यावर सेकंदाला होणारी कंपने, सुमारे 13 हर्ट्झ येते. अनेक फोन सेकंदाला 240 चौकटी टिपतात, म्हणजे एका आवर्तनाला अठरा चौकटी मिळतात आणि त्या सहज मोजता येतात. मोजलेले उत्तर बहुधा सिद्धांतापेक्षा कमी येते, कारण हाताने दाबलेले टोक पुस्तकातल्या आकृतीतील भिंतीइतके पक्के नसते. ‘पक्का आधार’ म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला तेथे कळते. पुढे बाहेरचा भाग निम्मा केला की वारंवारता चौपट, म्हणजे 52 हर्ट्झच्या आसपास जाते. तो आणखी निम्मा केला की ती 200 च्या वर जाते, आणि आता फितीत पट्टी चक्क संथ, सुमारे 31 हर्ट्झने हलताना दिसते. चौकटींच्या निम्म्या वेगापलीकडची, येथे 120 हर्ट्झपलीकडची, कंपने कॅमेरा खोटी दाखवतो. नमुने घेण्याचा हा नियम एरवी आम्ही तिसऱ्या वर्षी फळ्यावर सांगून मोकळे होतो.

याउलट सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगावर, फार विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. विद्युत मंडले संगणकावर तपासणारी एलटीस्पाइससारखी मोफत साधने उत्तम आहेत, विद्यार्थ्याने ती शिकलीच पाहिजेत. पण आपण मंडलात जे घातले नाही ते सिम्युलेशन दाखवत नाही. दोन 1 मेगाओहमचे रोध एकसर जोडून 5 व्होल्ट दिले, तर सिम्युलेशनमध्ये मध्यबिंदूवर 2.5 व्होल्ट मिळतात. प्रयोगशाळेत तेथे साध्या 1 मेगाओहमच्या इनपुटचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेज आलेखरूपात दाखवणारे उपकरण) लावला, तर जेमतेम 1.67 व्होल्ट दिसतात, कारण मोजणारे उपकरण स्वतःच मंडलाचा भाग झालेले असते. ब्रेडबोर्डवरचा (सुटे भाग खोचून मंडल जोडण्याच्या पाटीवरचा) सैल संपर्क, तापलेला रोध, उलटा लावलेला डायोड या गोष्टी पडद्यावर घडतच नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर आणि थोडे सुटे भाग घरपोच पाठवण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. खर्चाची कुरकुर झाली, पण पडून असलेल्या प्रयोगशाळेच्या देखभालीवरही खर्च होतच होता.

नमुना तुटेपर्यंत ओढून पाहणाऱ्या ताणपरीक्षण यंत्रासारखी अवजड उपकरणे मात्र कोणाच्या घरी जाणार नाहीत. तेथे प्रयोगशाळा सहायकांनी नमुना तुटेपर्यंतचे संपूर्ण परीक्षण एकाच सलग फितीत टिपले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या नमुन्याची मूळ आकडेवारी दिली, त्यामुळे निदान जर्नल एकमेकांचे पाहून उतरवण्याची सोय राहिली नाही. येथे एक बाब प्रशासनाच्या लक्षात आणून द्यावी लागते: मोठ्या यंत्रावर एकट्या माणसाने काम करू नये हा सुरक्षेचा साधा नियम आहे, आणि ‘उपस्थिती कमीत कमी ठेवा’ अशा आदेशाखाली तो सर्रास मोडला जाण्याची भीती असते. सहायकांची पाळी दोघांचीच लावावी. एकूणच अशा वर्षात विभाग चालतो तो या मंडळींच्या जोरावर, आणि बैठकीला नेमके त्यांनाच बोलावलेले नसते. परवाना असलेले सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील संगणकांवर दूरवरून वापरण्याची सोय आम्ही केली, पण वीज जाऊन आली की बंद पडलेले संगणक सुरू करायला कोणीतरी प्रत्यक्ष तेथे असावे लागते, हे आधी त्यांनीच सांगितले.

लेथ, वेल्डिंग, जोडकाम या बाबतीत तडजोड करू नये. हात फिरल्याशिवाय हे येत नाही. ही कामे पुढे ढकलून, विद्यापीठ अंशतः उघडल्यावर लहान बॅचमध्ये, सलग काही आठवड्यांत घेणे हाच मार्ग आहे. मूल्यांकन करणाऱ्या संस्थांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी झालेल्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन करारावर आधारलेल्या पद्धतीत पदवीधराला काय करता येते यावर भर असतो, अमुक प्रयोग अमुक आठवड्यात झाला की नाही यावर नाही.

परीक्षेबाबत थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याने पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. आसनक्रमांकाच्या शेवटच्या अंकांवरून प्रत्येकाच्या गणितातील भार आणि लांबी बदलावी, पुस्तक उघडे ठेवू द्यावे आणि नंतर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. स्वतःच्याच उत्तरातील दुसरी पायरी समजावून सांगता येते की नाही, एवढ्यावरून बहुतेक गोष्टी कळतात.

महासाथीखेरीज इतर प्रसंगही पाहण्यासारखे आहेत. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपानंतर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात इमारतींची तपासणी होईपर्यंत तंबूंमध्ये वर्ग भरले. तेथे माणसे होती, छप्पर नव्हते. कतरिना वादळाने 2005 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठाचे एक संपूर्ण सत्र बंद पाडले, विद्यार्थी इतर विद्यापीठांत विखुरले, आणि डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या पुनर्रचनेत स्थापत्य, यंत्र आणि विद्युत अभियांत्रिकी या शाखा बंद करण्याचे ठरले. रासायनिक आणि जैववैद्यकीय या दोन शाखा तेवढ्या राहिल्या. आपत्तीच्या वर्षात विभागाला आपली उपयुक्तता पटवून द्यावी लागते, आणि ती हिशेबाच्या भाषेत द्यावी लागते, हे विभागप्रमुखांनी विसरू नये.

आपण विभागात जबाबदारीच्या जागी असाल, तर आजच एक काम सुरू करा. कोणत्या बॅचचे कोणते प्रात्यक्षिक पूर्ण झाले, कोणते केवळ फितीवर पाहिले गेले आणि कोणते राहूनच गेले, याची नोंदवही ठेवा आणि पुढील सत्र शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हाती ती पहिल्याच दिवशी द्या. ती नसेल, तर तिसऱ्या वर्षाचा शिक्षक ‘हे तुम्ही दुसऱ्या वर्षी केलेलेच आहे’ असे म्हणून पुढे जातो आणि वर्गातले कोणी तोंड उघडत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांची नोंद स्वतंत्र ठेवा. त्यांनी वर्गमित्रांनाही कधी पाहिलेले नसते, त्यामुळे अडले तर विचारायचे कोणाला, हेच त्यांना माहीत नसते. त्यांचे चार-चार जणांचे गट विभागानेच पाडून द्यावेत, आणि प्रत्येक गटाला वरच्या वर्षाचा एक विद्यार्थी नेमून द्यावा.