‘लाइव्ह’ उपग्रह-चित्रांच्या मागे लागू नकोस

प्रश्न : मी भूगोल घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे रिमोट सेन्सिंगमध्ये जायचं आहे. प्रकल्प एका तलावाच्या घटत्या क्षेत्रावर आहे, पण गूगल अर्थवर जुनंच चित्र दिसतं. ताजी चित्रं फुकट मिळतात का, की पैसे भरून ‘लाइव्ह’ सेवा घेऊ?

उत्तर : पैसे भरू नकोस. झाडन्‌झाड दिसेल इतकं बारीक आणि तेही आजचं, असं चित्र फुकट मिळत नाही. बारकावा हवा की ताजेपणा, हे आधी ठरव. तुला ताजेपणा हवा आहे.

गूगल अर्थ म्हणजे वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांची गोधडी. डेस्कटॉपवरच्या ‘प्रो’मध्ये जुनी चित्रं तारखेसह पाहता येतात, तेवढ्यासाठी ते ठेव. एस्री या नकाशा-कंपनीच्या ‘वेबॅक’ या जुन्या चित्रांच्या संग्रहात मात्र यादीतली तारीख प्रकाशनाची असते, चित्र टिपल्याची नव्हे. इथे भलेभले फसतात.

तुझं काम सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या मोफत चित्रांवर होईल. दर पाच दिवसांनी एक फेरी, दृश्य बँडमध्ये (डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांत) दहा मीटरचा पिक्सेल. ‘कोपर्निकस ब्राउझर’ ही त्या चित्रांची वेबसाइट उघड, एल-२ए (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली पातळी) निवड, तलावाभोवती चौकट आख आणि तारखा चाळ. पाहायला खातंही लागत नाही. डाउनलोडसाठी लागतं, तेही मोफत. ढगांची मर्यादा दहा टक्क्यांवर आणू नकोस. ती टक्केवारी शंभरेक किलोमीटरच्या अख्ख्या टाइलची, म्हणजे चित्राच्या चौकोनी तुकड्याची असते. साठ टक्के ढगाळ टाइलमध्येही तुझा तलाव लख्ख दिसू शकतो. पावसाळ्यात ढग हटलेच नाहीत तर सेंटिनेल-१ चं रडार बघ. त्याला ढगांचा अडसर नाही.

पाणी वेगळं काढायला हिरवा बँड बी-३ आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड बी-८ घे : बी-३ मधून बी-८ वजा, भागिले दोघांची बेरीज. हा झाला पाण्याचा निर्देशांक. पाण्याची किंमत साधारण शून्याच्या वर येते. बँड ३२-बिट टिफ या आकडे जपणाऱ्या फाइल-प्रकारातच उतरव. जेपीजी फक्त दाखवायला, त्यावर गणित चालत नाही. पूर्ण प्रॉडक्ट (सगळ्या बँडची मूळ फाइल) उतरवलंस तर आणखी एक खोच आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत पिक्सेलच्या आकड्यांत १००० ची भर असते. ती वजा न करता जुन्या चित्राशी तुलना केलीस, तर निर्देशांक प्रक्रियेमुळे बदलेल आणि तुला वाटेल तलावच बदलला. तुलना एकाच महिन्याच्या चित्रांची कर. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल मोजून क्षेत्र काढणार असशील तर आधी यूटीएम हे मीटरमध्ये मोजणारं नकाशा-प्रक्षेपण दे. वेबवरच्या नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात ६० अंश अक्षांशावर क्षेत्र चौपट येतं.

२०१५ च्या मागे जायचं तर ‘अर्थ एक्सप्लोरर’ या वेबसाइटवर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं. संग्रह १९७२ पासूनचा, ३० मीटरची चित्रं १९८२ पासूनची. लँडसॅट ७ च्या मे २००३ नंतरच्या चित्रांत काळे पट्टे दिसले तर फाइल पुन्हा उतरवत बसू नकोस, उपग्रहातलाच एक भाग तेव्हा बिघडला होता.

विमानातून किंवा ड्रोनने घेतलेली चित्रं ‘ओपन एरियल मॅप’वर मिळतात. मिळाली तर उत्तमच, पण सगळीकडची नसतात.

करिअरचं म्हणशील तर प्रकल्पातल्या प्रत्येक चित्राखाली उपग्रह, टिपल्याची तारीख, प्रॉडक्टची पातळी आणि प्रक्षेपण लिही. मुलाखतीत रंगीत नकाशा बाजूला सारून हेच विचारलं जातं. हाताने दोन-तीन तारखा करून झाल्या की तेच काम पायथनमध्ये कर. वीस तारखा हाताने करणं म्हणजे नुसती हमाली.