जुनी अल्फा रोमिओ जीटीए खरी की साध्या जीटीवरून बनवलेली, कसं ओळखायचं?

म्हणजे तुमचा लिस्बनचा मामेभाऊ 1965 ची ही रेसकार घेणार आणि टेन्शन म्हापशात तुम्हाला! जीटीए म्हणजे साध्या जीटी गाडीचं रेससाठी हलकं केलेलं मॉडेल. भावाला आधी फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन जायला सांगा. खऱ्या जीटीएचे बाहेरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे, खालचा सांगाडा स्टीलचा, त्यामुळे बॉनेटला, दाराला मॅग्नेट चिकटायला नको. पण पुट्टीचा जाड थर असला तर स्टीलवर पण चिकटत नाही, म्हणून बोटाने टकटक करून बघायचं, पुट्टी असली की आवाज बद्द येतो. उलट एखादा पत्रा स्टीलचा निघाला म्हणून लगेच नकली म्हणू नका, रेसमध्ये ठोकलेल्या गाड्यांना मिळेल तो पत्रा लावायचे.

इंजिनात चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग पाहिजेत, पण इंजिन काय, बदलता येतं. खरी गोष्ट चेसिस नंबर, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) ठोकलेला असतो, आजूबाजूला वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर सरळ घरी या. आणि विकणारा एफआयएचा (मोटर रेसिंगची आंतरराष्ट्रीय संस्था) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट दाखवून भाव वाढवेल, तर तो कागद गाडीचं टेक्निकल स्पेसिफिकेशन सांगतो, तिचा इतिहास नाही. जुने रेसचे फोटो, लॉगबुक, आधीच्या मालकांची कागदं मागा.