'ब्रास: बर्मिंगहॅम' या कारखाने उभारायच्या पटावरच्या खेळात माझे पैसे कायम संपतात. कर्ज घ्यावं की टाळावं?

घ्या, आणि लवकर घ्या. तुम्ही लिहिलंय की चार डावांत एकदाही कर्ज घेतलं नाही. माझ्या मते तिथेच पाणी मुरतंय.

सुरुवातीला प्रत्येकाला १७ पौंड मिळतात. पहिले काही डाव मीही ते पुरवून पुरवून वापरले. ५ पौंडांची कोळशाची खाण, ३ पौंडांचा कालवा, आणि मग हातात चांगले पत्ते असूनही काही परवडायचं नाही. माझ्यासमोर बसणारी मैत्रीण दुसऱ्याच फेरीत ३० पौंड उचलायची. मला वाटायचं, ही आता बुडणार. कालव्यांचं युग, म्हणजे खेळाचा पहिला अर्धा भाग, संपेपर्यंत तिचे कारखाने नकाशाभर पसरलेले असायचे.

मग एकदा मी उत्पन्नाची पट्टी, म्हणजे प्रत्येकाचं उत्पन्न सोंगटीने दाखवणारी पटावरची घरांची रांग, नीट निरखून पाहिली. कर्ज घेतलं की उत्पन्न तीन पातळ्या खाली येतं. पण पातळी म्हणजे घर नव्हे! शून्य आणि त्याखाली एका पातळीला एकच घर असतं, १ ते १० पर्यंत दोन, ११ ते २० पर्यंत तीन. म्हणजे सुरुवातीचं कर्ज तीन घरांत पडतं, आणि उत्पन्न पंधराच्या आसपास असताना तेच ३० पौंड नऊएक घरं मागे ओढतात. उलट पहिल्या पातळीच्या, म्हणजे सर्वांत साध्या, खाणीतला कोळसा संपून तिची चकती उलटली की उत्पन्नाची सोंगटी चार घरं पुढे सरकते. एका स्वस्त खाणीत सगळी घट भरून निघाली! शिवाय मुद्दल कधीच परत करायचं नसतं.

आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. ज्याने फेरीत सर्वांत कमी खर्च केला तो पुढच्या फेरीत पहिला खेळतो, आणि कर्ज हा खर्च धरला जात नाही. फेरीत शेवटचे असाल, कर्ज घेतलंत आणि खर्च जवळजवळ केलाच नाहीत, तर लगेच पुढची फेरीही तुम्हीच उघडता. दोन्ही फेऱ्यांच्या दोन-दोन मिळून सलग चार चाली मिळतात. समोरच्याला हवी असलेली जागा पटकवायला याहून चांगली वेळ नाही.

पैसा कशावर घालायचा? शक्यतो दुसऱ्या पातळीच्या कारखान्यांवर. पहिल्या पातळीचे कारखाने कालव्यांचं युग संपलं की पटावरून उचलले जातात. दुसऱ्या पातळीचे तिथेच राहतात आणि उलटलेले असतील तर दोन्ही युगांत गुण देतात.

फक्त उत्पन्न उणे असताना खिसा पूर्ण रिकामा ठेवू नका. फेरीअखेरीस ती उणे रक्कम भरता आली नाही, तर स्वतःचाच कारखाना अर्ध्या किमतीत मोडावा लागतो.