ज्यू असणं आणि कुर्ट लेविनचं मानसशास्त्र

प्रश्न : गेस्टाल्ट संप्रदायातल्या (मन सुटे भाग नव्हे, तर अखंड आकृती पाहतं असं मानणाऱ्या) मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या ज्यू असण्याचा त्याच्या सिद्धांताशी खरंच संबंध आहे, की तो मागाहून जोडला गेला?

उत्तर : संबंध आहे, पण तो सरसकट सगळ्या संप्रदायाला लावू नका. त्याच्या संस्थापकांपैकी वर्टहायमर ज्यू होता, कोहलर नव्हता, आणि आकलनाबद्दलचे त्यांचे प्रयोग कुणाच्या धर्मावर उभे नाहीत. लेविनची 'गटा'ची व्याख्या मात्र थेट त्याच्या ज्यू असण्यातून आली. जर्मन ज्यूंमध्ये कुणी कर्मठ, कुणी नास्तिक. पेहराव आणि राहणी शेजाऱ्यांसारखीच. पहिल्या महायुद्धात लेविन स्वतः जर्मनीकडून लढून जखमी झाला होता, तरी 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू म्हणून त्याला देश सोडावा लागला. म्हणून त्यानं म्हटलं, की गट सारखेपणानं बनत नाही; एकाचं जे होईल त्यावर दुसऱ्याचंही अवलंबून असतं, तेव्हा तो बनतो.

प्रश्न : माणूस स्वतःच्याच समाजाचा द्वेष का करू लागतो?

उत्तर : यावर लेविनचा 1941 चा लेख आहे. वरचढ समाजात शिरायची ओढ असते, पण दार बंद असतं. दार बंद करणाऱ्यांवर राग काढता येत नाही, कारण त्यांच्यातच जायचं असतं. मग तो राग आपल्याच माणसांवर निघतो. त्यांची भाषा, त्यांच्या सवयी यांची लाज वाटू लागते. 'तू नीट वागलास तर कुणी नावं ठेवणार नाही' असं पालक मुलाला सांगतात आणि तिथंच चुकतात. अपमान झाला की मूल स्वतःचाच दोष शोधत बसतं. एकट्यादुकट्याच्या सद्वर्तनानं ज्यूद्वेष थांबत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावं आणि आपलेपणाची भावना लहानपणापासूनच रुजवावी, असं त्याचं म्हणणं. मला हा त्याचा सर्वांत मोलाचा सल्ला वाटतो.

प्रश्न : बी.एड.चं कृतिसंशोधन (शिक्षकानं आपल्याच वर्गातला प्रश्न बदल करून, परिणाम तपासत सोडवणं) याच लेविनचं का?

उत्तर : हो. 1946 मध्ये अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिताना त्यानं ते मांडलं : आखणी, कृती, परिणामाची पाहणी आणि त्यावरून पुन्हा आखणी. आपल्याकडे बहुतेक अहवाल पहिल्याच फेरीत संपतात, शिवाय कृतीआधीची नोंदही नसते. समजा, मुलं वर्गात प्रश्न विचारत नाहीत. आधी आठवडाभर रोज कोण किती प्रश्न विचारतं ते मोजा. मग एकच बदल करा, उदाहरणार्थ चार-चारच्या गटात आधी चर्चा. दोन आठवड्यांनी तसंच पुन्हा मोजा. दोन-तीन बदल एकदम केलेत, तर फरक कशानं पडला ते कळणार नाही आणि पुढची आखणी अंदाजानं करावी लागेल.