रुग्णालयाचे बिल अंदाजापेक्षा दुप्पट आले आहे. ते कमी करून मागणे बरे दिसते का?

आपल्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली, बिल अंदाजपत्रकाच्या जवळजवळ दुप्पट आले, परवा त्यांना घरी सोडणार आहेत, आणि आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: ते कमी करून घेता येते का, आणि तसे मागणे बरे दिसते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर "काही अंशी येते" असे आहे. मला लिहायला बसवले ते दुसऱ्या प्रश्नाने, कारण "बरे दिसते का हे?" हेच शब्द माझ्या थोरल्या बंधूंनी बिलिंग काउंटरसमोर, दहा माणसांच्या देखत मला ऐकवले होते.

२०२२ च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. दादा तिच्याजवळ राहतात; मी तीन तासांच्या अंतरावर. मी पोहोचेपर्यंत दाखल करण्याचा अर्ज भरून झाला होता आणि त्यात खोलीच्या वर्गापुढे दादांच्या ठसठशीत अक्षरात "डिलक्स" असे लिहिलेले होते. भाडे दिवसाला ८,००० रुपये. आईची पॉलिसी चार लाखांची होती आणि तीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये होती. मी हे दाखवल्यावर दादा म्हणाले, "दिवसाला चार हजार वर जातील, आठ दिवसांचे बत्तीस हजार. ते मी भरीन, पण आईला जनरल वॉर्डात ठेवणार नाही." जनरल वॉर्डाचे नाव मी काढलेच नव्हते, ४,००० रुपयांत दोन खाटांची स्वच्छ खोली त्याच मजल्यावर मिळत होती. पण आई स्ट्रेचरवर कण्हत असताना भावाशी वाद घालायचे धैर्य मला झाले नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो दादांचा नाही, माझाच येतो.

बहुतेक लोकांना वाटते की महाग खोली घेतली तर फक्त खोलीच महाग पडते. बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांत तसे नसते. तेच सर्जन, तेच थिएटर, तीच भूल, पण शुल्क मात्र खोलीच्या वर्गाप्रमाणे चढत जाते. त्यावर विमा कंपनी आपले गणित लावते: पॉलिसीत मर्यादा ४,००० आणि खोली ८,००० ची असेल, तर ती केवळ खोलीभाडे निम्मे करून थांबत नाही, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, व्हिजिट आणि नर्सिंग यांचेही निम्मेच देते. याला प्रमाणशीर वजावट म्हणतात, आणि माझ्या मते दाखल होताना रुग्णाच्या घरच्यांना हा एक शब्द कोणी समजावून सांगत नाही, हेच या सगळ्या धंद्यातले सर्वांत मोठे पाप आहे.

घरी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी मी कच्चे, म्हणजे अंतिम होण्याआधीचे, बिल मागून घेतले. एकूण आकडा लिहिलेला एक कागद हाती ठेवत होते. तो परत करून तारीखवार, बाबवार बिल मागितले, तेव्हा तेवीस पाने आली. माझी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे तेवीस पानांचे मला काही वाटले नाही. आई झोपल्यावर तिच्या खाटेच्या पायथ्याशी पाने पसरली आणि केसपेपरवरच्या रोजच्या नोंदी शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक ओळ लावत गेलो. एकूण रक्कम ३,५१,९४० रुपये होती. आठ रात्रींचे भाडे नऊ दिवसांचे लावले होते. ज्या दिवशी आई दिवसभर थिएटरमध्ये आणि नंतर गुंगीत होती, त्या दिवशी तिने दोन वेळा फिजिओथेरपी घेतल्याची नोंद होती. आणि न वापरलेली इंजेक्शने, सलाइनचे संच सिस्टरांनी परत पाठवले होते, त्यांची ६,३४० रुपयांची वजावट कुठेच दिसत नव्हती. परतीची गुलाबी पावती आईने घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली होती. चष्मा काढताना ती खाली पडली, नाही तर मला ते कळलेही नसते.

सकाळी काउंटरवर मी ही यादी ठेवली आणि तिथेच दादांचा बांध फुटला: "बरे दिसते का हे? त्यांनी आईला पायावर उभी केली, आणि तू सुया मोजत बसलास!" काउंटरवरच्या मुलीच्या कपाळावर मात्र आठीसुद्धा पडली नाही. "पावती आहे ना सर, मग लगेच वजा होईल," असे म्हणून तिने फार्मसीला फोन लावला, वॉर्डातून नोंदवही मागवली आणि वीस मिनिटांत १५,९४० रुपये कमी केले. सर्जनांना यातले काही माहीतही नव्हते, कारण बिल सर्जन करीत नाहीत. निरनिराळ्या विभागांतून आलेल्या नोंदी एक संगणक एकत्र करतो आणि त्यात चुका होतात, बहुतेक वेळा कोणाच्याही वाईट हेतूशिवाय. त्या दाखवून देणे म्हणजे डॉक्टरांच्या उपकारांची घासाघीस करणे आहे, हे दादांचे मत मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. दुकानदाराने मोड चुकीची दिली तर ती आपण परत मोजतो, तेव्हा त्याचा अपमान होत नाही.

दुरुस्त झालेले बिल ३,३६,००० चे होते: खोली ६४,०००, सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरे १,४०,०००, औषधे, साहित्य आणि हाडात बसवलेली सळई ९६,०००, तपासण्या २२,०००, आणि हातमोजे, मास्क, डायपर यांसारख्या, विम्यात सहसा न बसणाऱ्या किरकोळ बाबी १४,०००. विमा कंपनीने शेवटची बाब सोडून उरलेल्या सगळ्याचे सरसकट निम्मे केले आणि १,६१,००० मंजूर केले. बत्तीस हजारांची तयारी ठेवून आलेल्या दादांना १,७५,००० भरावे लागले. कंपनीने फसवले, असे ते तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात सांगत आले आहेत.

तेवढ्यापुरते ते अर्धे खरेही आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की औषधे व वापराचे साहित्य, शरीरात बसवायची साधने आणि तपासण्या यांना प्रमाणशीर वजावट लावता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या शुल्काला लावता येत नाही, आणि जे रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार वेगळे दर लावतच नाही, तिथेही ती लावता येत नाही. मी याचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन पानी पत्र लिहिले आणि औषधे, साहित्य, सळई व तपासण्या यांचे कापलेले ५९,००० रुपये परत आले. महिनाभरात उत्तर आले नसते किंवा नकार आला असता, तर विमा लोकपालाकडे गेलो असतो. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. पण हे ५९,००० परत आल्यानंतरही खोली आणि तिच्याबरोबर कापले गेलेले शुल्क मिळून १,०२,००० रुपये आमचेच गेले, आणि ते कंपनीने नाही, त्या अर्जावरच्या "डिलक्स" या एका शब्दाने घेतले. दादांना मी हे कागदावर मांडून दाखवले आहे. ते कागद बघत नाहीत.

आता आपल्याकडे वळतो. आज संध्याकाळीच तारीखवार कच्चे बिल मागा. ते परवा सकाळी मागितलेत तर घरी जायच्या घाईत तपासणे होणार नाही. फाइल उघडण्याचे, दाखल करतानाच्या किटचे, डिस्चार्ज प्रक्रियेचे असे वेगळे शुल्क दिसले तर विचारा, कारण नियामकाच्या यादीप्रमाणे या बाबी खोलीभाड्यातच धरायच्या असतात. स्टेंट बसवला असेल तर बिलात त्याची किंमत, ब्रँड आणि बॅच क्रमांक वेगळे असलेच पाहिजेत. स्टेंटच्या कमाल किमती फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या त्याच वर्षी ऑगस्टपासून सरकारने बांधून दिल्या आहेत. अंदाजपत्रक शिक्क्यासह असेल तर ते बरोबर न्या आणि कोणती बाब कशामुळे वाढली, हे लेखी मागा. कॅशलेस असेल, म्हणजे विमा कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देणार असेल, तर हेही लक्षात ठेवा की विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि तिच्या विलंबामुळे वाढलेले शुल्क तिनेच सोसायचे असते.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे का, हे पाटीवर वाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, काउंटरशी बोलून हे होत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र आपल्याला या टप्प्यावर बहुधा उपयोगी पडणार नाही. तिची नोंद आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या त्या योजनेच्या प्रतिनिधीकडे, दाखल होताना व्हावी लागते.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. शस्त्रक्रिया पॅकेजवर, म्हणजे सगळे मिळून एका ठरलेल्या रकमेत, झाली असेल, तर एकेक ओळ तपासून फारसे हाती लागणार नाही; पॅकेजबाहेर काय काय लावले एवढेच पाहा. आणि अंदाजपत्रक चुकण्याला वैद्यकीय कारणही असू शकते: वडिलांना दोन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले असतील, तर तो खर्च खरा आहे, तिथे भांडू नका. बिलाचा वाद मिटेपर्यंत रुग्णाला सोडणार नाही असे कोणी म्हणाले, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेकडे बोट दाखवा. सनदेनुसार पैशांच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही.

आपण वडिलांच्या खोलीचे भाडे आणि पॉलिसीतली खोलीची मर्यादा लिहिलेली नाही. ते दोन आकडे कळवलेत, तर वजावट किती बसेल आणि त्यातली किती चुकीची असेल, हे सांगता येईल.