मायटर सॉवर तुकडा का उडतो आणि चौथा कोपरा का मिटत नाही

तुमच्या दोन तक्रारी अशा: नव्या १० इंची कंपाउंड मायटर सॉवर (हवा तो कोन लावून पट्ट्या आडव्या कापणारी विजेवरची करवत) चौकटीच्या पट्ट्या कापताना एकसारख्या मापासाठी ठोकळा लावला होता, तेव्हा बोटभर तुकडा सणकन उडून मागे आदळला. शिवाय ४५ अंशात कापलेल्या पट्ट्या जोडल्या की तीन कोपरे बसतात आणि चौथा उघडा राहतो. तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत, पण माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. कापताना लाकूड जागचं हललं. एकदा ते जोरात हललं म्हणून उडालं, एकदा केसभर हललं म्हणून कोन चुकला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाचून होईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टी मशीनला हात लावूनच कळतील.

आधी उडालेला तुकडा. प्लग काढलेला असताना जाड हातमोजा घालून पातं हळूच बाणाच्या दिशेने फिरवून बघा. आपल्याकडचे दात खाली उतरतात, तळाचे दात फेन्सकडे (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या आधाराकडे) जातात आणि मागचे दात वर उठतात. म्हणजे पातं लाकडाला खाली टेबलावर दाबतं आणि मागे फेन्सला भिडवतं. लाकूड दोन्हीकडे घट्ट टेकलेलं असेल तर हा जोर आपल्या फायद्याचा आहे. पण तुम्ही ठोकळा लावलात तो सुटून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला. काप पूर्ण झाला त्या क्षणी तो तुकडा ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये कोंडला गेला. त्याला बाजूला सरकायला जागा नव्हती, तो किंचित तिरका झाला आणि वर उठणाऱ्या मागच्या दातांनी त्याला उचलून फेकला. १० इंची पातं मिनिटाला साधारण ५००० फेरे घेतं, म्हणजे दाताचा वेग सेकंदाला ६० मीटरच्या पुढे जातो. या वेगात आपण हात मागे घेऊ, तोंड वळवू, असं मनात धरूच नका.

तेव्हा पहिला नियम: पात्याच्या एका बाजूचं लाकूड पक्कं धरलेलं हवं आणि दुसऱ्या बाजूचं पूर्ण मोकळं हवं. दोन्हीकडून अडवलेलं कधीच नको. मापाचा ठोकळा नेहमी धरलेल्या बाजूला लावा. छोटे छोटे एकसारखे तुकडे हवेत आणि ठोकळा मोकळ्या बाजूलाच लावणं भाग आहे, असं असेल तर एक सोपी युक्ती आहे. ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये एक सुटी पट्टी ठेवा, लाकूड तिला टेकवा, क्लॅम्प आवळा, मग ती पट्टी काढून घ्या आणि त्यानंतर कापा. माप एकसारखं मिळतं आणि कापलेल्या तुकड्याला सरकायला मोकळी जागाही राहते.

दुसरी गोष्ट बहुतेक नवे लोक करतात आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हीही करत असाल असं वाटतं: काप संपला की पातं फिरत असतानाच हँडल वर उचलायचं. हे कृपा करून आजपासून बंद करा. क्रम असा ठेवा. पातं वर असतानाच ट्रिगर दाबा, आवाज स्थिर होऊन पूर्ण वेग येऊ द्या, मग सावकाश खाली आणा. काप झाला की हँडल खालीच ठेवून ट्रिगर सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, आणि मगच वर उचला. ते दोन-चार सेकंद फार लांब वाटतात. पण बारीक तुकडे उडतात ते बहुतांशी नेमके याच वेळी, कारण वर जाणारं फिरतं पातं बाजूला पडलेल्या तुकड्याला पुन्हा खेटतं. याचा दुसरा फायदा म्हणजे कापाच्या कडेवर पात्याचा ओरखडाही उठत नाही.

हात कुठे ठेवायचे? पात्याच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर हा टेबलाचा भाग हातांसाठी बंद, असं समजा. बऱ्याच मशीनवर तसा पट्टा रंगवलेलाही असतो. लाकूड धरताना हात त्या पट्ट्यात येत असेल तर क्लॅम्प लावा. तुकडा इतका लहान असेल की क्लॅम्पही बसत नाही, तर तो या मशीनवर कापायचा नाही, हातकरवतीने कापा. हातांची कात्री करून, म्हणजे डाव्या हाताने उजवीकडचं लाकूड धरून, कधीही कापू नका. फेन्सच्या मागे हात घालून तुकडा किंवा भुसा काढायची सवयही लावून घेऊ नका. आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, अडतो म्हणून तो दोरीने किंवा पाचर मारून वर अडकवून ठेवणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. गार्ड अडत असेल तर त्यात भुसा भरलाय किंवा स्प्रिंग सैल झालीये. साफ करा, दुरुस्त करा, तोवर मशीन बंद.

मशीन बसवण्याबद्दल थोडक्यात. बाकाला बोल्ट मारून पक्कं करा. नुसतं ठेवलेलं मशीन हँडल दाबताना पुढे कलतं. दोन्ही बाजूंना टेबलाच्या उंचीचेच आधार द्या. लांब पट्टीचं टोक लोंबत असेल तर कापाजवळचा भाग टेबलावरून उचलला जातो आणि पातं त्यात आवळलं जातं. आधार म्हणून दुसऱ्या माणसाला टोक धरायला उभं करू नका, कारण त्याचा हात जरा वर-खाली झाला तरी लाकूड पात्यावर ओढलं जातं. एक्स्टेन्शन वायर लागतच असेल तर जाड आणि आखूड घ्या; बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं, पात्याचा वेग घटतो आणि मोटर तापते.

पात्याकडे मात्र लोक फारच कमी लक्ष देतात. टेबल सॉचं फाडणीचं (लाकूड लांबीत चिरायचं) पातं व्यासाला आणि भोकाला जुळलं तरी इथे लावू नका. त्याचे दात पुढे झुकलेले असतात आणि ते लाकूड स्वतःकडे खेचतात. मायटर सॉसाठी हा झुकाव शून्याच्या आसपास किंवा थोडा उलटा हवा, म्हणजे साधारण उणे ५ ते अधिक ५ अंश. चौकटीच्या कामाला ६० ते ८० दातांचं पातं घ्या. पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, हे खात्रीने बघा. पातं धरणाऱ्या बोल्टला बहुतेक मशीनवर उलटे आटे असतात, तेव्हा तो सुटत नाही म्हणून पान्यावर जोर काढण्याआधी दिशा तपासा. दोन्ही फ्लँज, म्हणजे पात्याला दोन्हीकडून दाबणाऱ्या चकत्या, पुसून बसवा. तिथे भुशाचा एक कण राहिला तरी पातं डुगडुगत फिरतं. घासून कापणारी दगडी चकती किंवा लोखंड यासाठी हे मशीन नाहीच.

आता काटकोन, म्हणजे तुमच्या चौथ्या कोपऱ्याचा मुद्दा. कारखान्यातून मशीन गुण्यात (काटकोनात जुळलेलं) येईलच असं नाही, आणि लेझरची रेषा गुण्याची हमी देत नाही. प्लग काढा, पातं खाली आणून अडकवा, गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याच्या सपाट पोलादाला लावा. दाताला लावू नका, दात पात्यापेक्षा जाड असतात आणि मापात घोळ होतो. उजेड पलीकडून येईल असं बघा. प्रकाशाची बारीक रेघ दिसली तर तेवढा फरक आहे. तसाच गुण्या टेबल आणि पातं यांच्यामध्ये उभा लावून बघा.

मग खरी चाचणी. दोन्ही कडा समांतर असलेली, १५० मिलिमीटर रुंद सपाट फळी घ्या, ० अंशावर मधोमध कापा, एक अर्धा तुकडा उलटा करा आणि दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून कापलेल्या बाजू भिडवा. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते. कोन फक्त ०.१ अंश चुकलेला असेल तर या रुंदीला फट सुमारे अर्धा मिलिमीटर येते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारी. फट आली तर फेन्सचे बोल्ट सैल करून फेन्स गुण्याला लावा आणि पुन्हा कापून बघा. कोनाच्या काट्यावर विसंबू नका. तो सगळ्यात शेवटी, फेन्स जुळल्यावर शून्यावर आणायचा.

चौकटीत ४ कोपरे, म्हणजे ८ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर तीन कोपरे दाबून बसवता येतात आणि उरलेली सगळी चूक, पूर्ण ४ अंश, चौथ्यावर जमा होते. तुमच्याकडे हेच झालं असणार. दुसरी शक्यता लांबीची: समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून धरा आणि टोकांवरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर कोन बरोबर असूनही कोपरा मिटणार नाही.

मशीन गुण्यात असूनही ४५ अंशात चूक येते, कारण तिरक्या कापात पातं पट्टीला फेन्सच्या कडेने बाजूला सरकवत असतं. हाताने कितीही दाबलंत तरी ती हलते. फेन्सवर बारीक सँडपेपरची पट्टी चिकटवा आणि क्लॅम्प लावा. पहिला काप रेषेपासून एक-दोन मिलिमीटर बाहेर घ्या, दुसऱ्या कापात तेवढंच खरवडून काढा. दुसऱ्या वेळी पात्यावर भार नसल्याने ते वाकत नाही आणि काप स्वच्छ येतो. प्रत्येक कापाआधी फेन्स आणि टेबल यांच्या कोपऱ्यातला भुसा ब्रशने झाडा. त्या कोपऱ्यात अडकलेला एक ढलपाही कोन बिघडवायला पुरतो.

पट्टी वाकलेली असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे करा आणि कापाच्या जागी लाकूड फेन्सला टेकलेलंच हवं. उलट ठेवलीत तर मध्ये पोकळी राहते, पातं लाकूड त्या पोकळीत ढकलतं आणि कापाची फट पात्यावर मिटते. पीळ पडलेली, डुगडुगणारी पट्टी आधी रंध्याने सपाट करा. गोल दांडा व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात क्लॅम्प करा. एका वेळी एकच पट्टी. चार एकावर एक ठेवून कापू नका.

तुमच्या मशीनचं पातं पुढे-मागे सरकणारं असेल तर ते आधी स्वतःकडे ओढा, मग चालू करा, खाली दाबा आणि मागे फेन्सकडे ढकलत कापा. स्वतःकडे ओढत कापलंत तर पातं लाकडावर चढून तुमच्या अंगावर येतं. या एका बाबतीत अपवाद नाही.

कंपाउंड काप, म्हणजे टेबल फिरवलेलं आणि पातंही कललेलं, तुम्हाला या चौकटीला लागणार नाही. पण छताच्या कडेच्या मोल्डिंगला लागेल. भिंतीशी ३८ अंशात बसणारी मोल्डिंग टेबलावर आडवी ठेवून ९० अंशाच्या कोपऱ्यासाठी कापायची तर टेबल ३१.६ आणि पातं ३३.९ अंश; ४५ अंशात बसणारी असेल तर ३५.३ आणि ३०. खोलीचा कोपरा खरोखर ९० चा आहे का ते मोजूनच हे आकडे वापरा, बहुधा तो नसतो. आणि कललेलं पातं फेन्सच्या वरच्या भागाला लागू शकतं, म्हणून तो भाग आधी बाजूला सरकवा, प्लग काढलेला असतानाच हँडल पूर्ण खाली-वर करून बघा, दोन्ही कोनांचे लॉक आवळा, मगच प्लग लावा. या कापात लाकूड घसरण्याचा कल सर्वांत जास्त, तेव्हा इथे क्लॅम्पशिवाय नाहीच.

डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, नाकाला चांगला मास्क. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, तेव्हा मशीनच्या मागची पिशवी पुरेशी समजू नका, व्हॅक्यूम जोडा. हातमोजे फक्त पातं हाताळताना. मशीन चालू असताना हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातलं काही आणि मोकळे केस नकोत.

उरलेल्या चांगल्या पट्ट्या सध्या बाजूला ठेवा. आधी रद्दी फळीवर ती उलट्या तुकड्याची चाचणी करा आणि फळीची रुंदी व फट किती आली ते इथे लिहा, म्हणजे फेन्स कुठल्या बाजूला किती हलवायची ते सांगता येईल.