दुर्बीण बरी की मायक्रोस्कोप?

पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन-ग्रंथीच्या, गाठीचं निदान झालेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा हातात फाईल असते आणि तोंडी एकच प्रश्न: ऑपरेशन कुठल्या पद्धतीनं करायचं? मी सर्जन नाही. तरी हा प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत का येतो, ते मला मालवणच्या एका होडीवाल्या काकांमुळे नीट कळलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काका जेटीवरून पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतात. बाजूनं आलेली होडी दोनदा दिसलीच नाही, तेव्हा एमआरआय झाला. सव्वादोन सेंटिमीटरची गाठ. कॅन्सरची नव्हे, पण दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खालून दाबणारी. अशा दाबानं बाहेरच्या बाजूंची नजर आधी जाते. प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी गाठ असती तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं. रक्ततपासणीत ती तशी निघाली नाही.

एक सर्जन मायक्रोस्कोपवाले, दुसरे दुर्बीणवाले. चुलतभाऊ म्हणे, कवटी उघडल्याशिवाय गाठ पुरती निघत नाही. काकांनी वहीच घातली होती आणि चार महिने तुलना चालली होती.

"मॅडम, माका एकच सांगा, खयचा बरा?"

मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. दोन्ही वाटा नाकातूनच, नाकामागच्या हाडातल्या पोकळीतून (स्फेनॉइड सायनस) गाठीपर्यंत जातात. मायक्रोस्कोप १९६०च्या दशकापासून वापरात आहे. त्यात खोली छान कळते, पण नजर सरळ रेषेत जाते. दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, १९९०च्या दशकात रुळली. तिचं भिंग आत टोकाशी असतं, त्यामुळे कोपऱ्यातलं दिसतं आणि बाजूला पसरलेल्या गाठीत त्याचा उपयोग होतो. कवटी उघडणं आता थोड्याच, अवघड गाठींसाठी उरलंय. काकांनी सगळं लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न घेऊन आले.

त्या दिवशी आमच्या मावशींनी चहाचा कप त्यांच्या डाव्या अंगाला ठेवला. ते माझ्याकडे बघत बोलत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "आज चाय नाय?"

सोबत आलेल्या वहिनींनी, काकांच्या बायकोनं, पदर तोंडाला लावला. मी गप्प राहिले. काकांनी मान वळवली. कपावर साय धरली होती.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "काका, वहीत नेमकं काय शोधताय?"

"काय होवचा नाय, असा लिवन देणारो डॉक्टर."

त्या क्षणी गाठ सुटली, असं मी मानते. सुखरूप व्हावं ही इच्छा झाली. लिहून मिळाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, ही मात्र अट. इच्छा माणसाला चालतं ठेवते, अट बसवून ठेवते. इतक्या वर्षांत हा फरक मी कितीजणांसमोर मांडला असेन, पण तो कळायला त्या दिवशी एक कप पुरला. मी एवढंच म्हटलं, "थांबून राहिलात तर काय होवचा नाय, हे कोण लिहून देतंय?"

त्यानंतर वहीत पद्धतींऐवजी सर्जनना विचारायचे प्रश्न आले. असं ऑपरेशन वर्षाला किती करता? माझ्या गाठीत तुमची पद्धत का? मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळलं तर काय करता? नंतर कॉर्टिसोल हे हार्मोन, सोडियम, लघवीचं प्रमाण कोण बघणार? अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींचे निकाल बरेच जवळ येतात, म्हणून मी हाताबद्दल आधी विचारायला सांगते आणि अवजाराबद्दल मागाहून. सर्जनच्या बरोबरीनं हार्मोनचे डॉक्टर आहेत का, हेही विचारावं. आणि नजर कमी होत असेल तर चार महिने वही भरू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

काकांनी दुर्बीणवाले सर्जन निवडले. त्यांची उत्तरं त्यांना सरळ वाटली. ऑपरेशन झालं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, वाकून वजन उचलायचं नाही, हे सगळं वहिनींनी कडक पाळून घेतलं. नजर बरीच परतली, डाव्या कडेला थोडी अंधारी आहे. गाठीचा छोटा तुकडा मात्र आत राहिलाय.

परवा आले होते. पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी. मी विचारलं, "तुकडा वाढला तर, असं मनात येतं?"

"येता तर," काका म्हणाले. "मगे डॉक्टराक सांगलंय, लिवन नको, फक्त तारीख द्या."